समितीतली बाहेरची बाई

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बऱ्याच जणींकडे कधी ना कधी एखाद्या महाविद्यालयाचं पत्र येतं. 'आमच्या अंतर्गत तक्रार समितीवर बाहेरच्या सदस्य म्हणून आपलं नाव घेत आहोत, संमती कळवावी.' नॅकची तपासणी जवळ आली की अशी पत्रं जरा जास्तच येतात. आपण संमती देतो, वर्षातून एकदा चहा-बिस्किटांची बैठक होते, रजिस्टरवर सही होते, संपलं. समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी या कामात आले त्याला दहा वर्षं झाली. या काळात अशा तीन समित्यांवर मी बसले आहे. आज मला एवढंच सांगायचं आहे, की ती खुर्ची सहीपुरती नाही. आपण तिच्यावर कशा बसतो त्यावर एखाद्या मुलीचं शिक्षण चालू राहणार की थांबणार, हे ठरतं.

ही खुर्ची कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या साथिन भंवरीदेवी यांनी बालविवाह रोखायचा प्रयत्न केला, आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. समितीची प्रमुख स्त्री असावी, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि वरिष्ठांचा दबाव येऊ नये म्हणून बाहेरची संस्था त्यात असावी, असं त्या निकालानं सांगितलं. हे सारं कागदावरच राहतंय, हे पुण्याच्या 'आलोचना'च्या मेधा कोतवाल लेले यांनी पत्र लिहून न्यायालयासमोर आणलं. त्या पत्राचीच याचिका झाली. पुढे २०१३ चा कायदा आला आणि मे २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम लागू झाले. त्यांत विद्यार्थिनींचा स्पष्ट उल्लेख आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. गुप्ततेचं बंधन आहे, म्हणून कुठलीही एक घटना मी सांगणार नाही. पण पुन्हा पुन्हा जे दिसतं ते सांगते.

मुलगी धीर करून अर्ज घेऊन जाते ती प्राचार्यांच्या केबिनमध्ये. तिथे तिला बसवतात, पाणी देतात आणि म्हणतात, 'तुझ्या करिअरचा विचार कर.' मग घरी फोन जातो. खेड्यातून आलेली, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेज पाहिलेली मुलगी असेल, तर या फोननंतर बाप येऊन तिची ट्रंक उचलतो आणि वर्षाच्या आत तिचं लग्न लागतं. मुली तक्रार का करत नाहीत, असं आपल्याला विचारतात. त्याचं उत्तर या फोनमध्ये आहे. दुसरा प्रकार म्हणजे तक्रार शिस्तपालन समितीकडे पाठवायची, 'दोन विद्यार्थ्यांचं भांडण' असं नाव द्यायचं, दोघांनाही ताकीद द्यायची. तिसरा प्रकार म्हणजे माफीनामा लिहून घेऊन फाईल बंद करायची, आणि वर मुलींच्या वसतिगृहाची वेळ अलीकडे आणायची!

नियम असं सांगत नाहीत. समेट करता येतो, पण तिनं स्वतः मागितला तरच. आणि पैशाच्या देवघेवीवर तो होऊ शकत नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला द्यायची, त्यानं दहा दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि त्यावर अंमलबजावणी ३० दिवसांत. चौकशी चालू असताना त्या प्राध्यापकानं तिचे पेपर तपासायचे नाहीत, तिच्या कामाचं मूल्यमापन करायचं नाही, असा आदेश देण्याची शिफारस समिती करू शकते. ज्या मुलीचं संशोधन मार्गदर्शकाच्या एका सहीवर अडलेलं असतं, तिच्यासाठी हे कलम श्वासाइतकं गरजेचं आहे. आणि आरोप सिद्ध करता आला नाही म्हणजे तक्रार खोटी होती, असंही कायदा मानत नाही. हे तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

काही जणी म्हणतील, 'एवढे कागद कशाला? गुन्हा दिसतोय, काढून टाका त्याला.' राग मला समजतो. पण गोवा विद्यापीठाचं प्रकरण लक्षात ठेवा. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीनं चौकशी केली, त्याला बडतर्फ करण्यात आलं. १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती बडतर्फी रद्द केली. समितीनं शेवटच्या टप्प्यात अवाजवी घाई केली, त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी! त्या मुलींचं शिक्षण केव्हाच संपलं असणार. खरं काय होतं, हे ठरण्याआधीच चौकशी मोडली. तेव्हा समोरच्याला नोटीस देणं, त्याचं म्हणणं लिहून घेणं, तारखा नीट नोंदवणं हे आपण त्याच्यासाठी करत नाही. तिला मिळालेला न्याय पुढे टिकावा म्हणून करतो.

मग आपण काय करायचं? पत्राला संमती देण्याआधी लेखी विचारायचं: समितीत कोण कोण आहे? कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना त्यात बसता येत नाही. विद्यार्थ्यांचा संबंध असेल तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या पातळ्यांवरचे तीन विद्यार्थी निवडून आलेले हवेत. प्राचार्यांनी बोट दाखवलेले चालत नाहीत. दुसरं, प्रत्येक बैठकीची सूचना आपल्याला मिळालीच पाहिजे. २०१३ च्या नियमांप्रमाणे अध्यक्षांसह तीन सदस्य हजर असले की चौकशी चालू शकते. त्या तिघांत बाहेरची असलीच पाहिजे असं बंधन नाही. म्हणून आपल्याला टाळून काम उरकणं सोपं असतं. तिसरं, इतिवृत्त त्याच दिवशी वाचून सही करायची. पटलं नाही तर आपलं वेगळं मत त्यात लिहायचं. आणि चौथं, मुलीशी बोलताना 'तू तिथे गेलीसच कशाला?' हा प्रश्न कुणी विचारला, तर तिथल्या तिथे थांबवायचं. बाकीच्या सदस्यांना उद्या त्याच स्टाफरूममध्ये बसायचं असतं. आपल्याला नसतं. आपलं बळ तेवढंच आहे, पण ते थोडं नाही.

शिबिर संपायच्या आत प्रत्येक गटानं एक यादी करावी, अशी माझी विनंती आहे. आपल्यापैकी कोण कुठल्या महाविद्यालयाच्या समितीवर आहे, शेवटची बैठक कधी झाली, विद्यार्थी प्रतिनिधी निवडून आले का, आणि समितीची नावं नोटीस बोर्डावर लागली आहेत का. जिथे उत्तर 'माहीत नाही' असं येईल, तिथे या महिन्यातच पत्र टाकू या. पत्राचा मसुदा मी आणला आहे, चहाच्या वेळी घेऊन जा.