वाळवंटांतील विसांवा
(महोत्सवाच्या सप्ताहांत देवळाच्या मांडवांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाचा हा आठवडा, बाहेर फटाके आणि बँड, आणि अशा वेळीं मला मौनावर बोलावयास सांगण्यांत आलें आहे! विगार महाशयांचा यांत कांहीं मिष्किल हेतु असावा, अशी मला शंका येते. बँडवाल्यांनीं मात्र अर्धा तास गप्प बसण्याचें कबूल केलें आहे. तितका वेळ तरी विषयाला न्याय मिळेल.

संत मार्ककृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आपल्या ओळखीचा आहे. प्रेषित गांवोगांव फिरून थकून आले होते. लोकांच्या ये-जा करण्यामुळें त्यांना जेवावयाचीहि सवड नव्हती. प्रभूनें त्यांना होडींत बसविलें व विसांव्यासाठीं निर्जन स्थळीं नेलें. पण लोक किनाऱ्याकिनाऱ्यानें धांवत अगोदरच तेथें पोहोंचले, आणि विसांव्याच्या जागीं पांच हजारांची पंगत बसली. प्रभु रागावला नाहीं. मात्र पंगत उठल्यावर त्यानें शिष्यांना पुढें धाडलें, लोकांना निरोप दिला आणि तो एकटाच डोंगरावर प्रार्थनेस गेला. भाकरींचा चमत्कार आपण मुलांना सांगतों. हा डोंगर सांगावयाचा राहून जातो.

तो डोंगर शोधीत चौथ्या शतकांत पुष्कळ लोक मिसर देशाच्या वाळवंटांत गेले. त्यांपैकीं आर्सेनियस हा मला फार जवळचा वाटतो, कारण तो माझ्यासारखाच शिक्षक. मात्र त्याचे विद्यार्थी राजपुत्र होते. रोमचा बादशहा थिओडोसियस याच्या आर्केडियस व ओनोरियस या मुलांना त्यानें शिकविलें, अशी परंपरा आहे. राजवाड्यांत असतां त्यानें देवाकडे तारणाचा मार्ग मागितला. माणसांपासून दूर जा, असें उत्तर आलें. इ. स. ३९४ च्या सुमारास तो स्केतिस येथें, म्हणजे आजच्या वादी एल-नत्रूनमध्यें, जाऊन राहिला. (तेथें आजहि चार कॉप्टिक मठ नांदत आहेत.) वाळवंटांत पोहोंचल्यावर त्यानें पुन्हां तेंच मागितलें. या खेपेस तीन आज्ञा मिळाल्या: दूर राहा, गप्प राहा, स्वस्थ राहा.

या तिसऱ्या शब्दापाशीं आपण थोडें थांबूं. आपल्या बोलींत स्वस्थ बसणें म्हणजे काम टाळणें. पण या शब्दाची फोड केली तर, जो आपल्या ठायीं स्थिर आहे तो स्वस्थ. आर्सेनियस आळशी नव्हता. तो खजुरीचीं पानें विणून पोट भरी. शनिवारीं मावळत्या सूर्याकडे पाठ करून तो प्रार्थनेस उभा राही, तो रविवारचा सूर्य तोंडावर येईपर्यंत हात खालीं घेत नसे. आणि एवढा विद्वान, पण आपल्या मनांतील विचारांविषयीं एका अडाणी मिसरी शेतकऱ्याचा सल्ला घेई. लॅटिन व ग्रीक मला येतें, पण या शेतकऱ्याचीं मुळाक्षरें मी अजून शिकलों नाहीं, असें तो म्हणे. बोलणारा माणूस तीं मुळाक्षरें ऐकणार कधीं?

बोलल्याचा मला पुष्कळदां पश्चात्ताप झाला, गप्प राहिल्याचा कधींच नाहीं, असेंहि त्याचें सांगणें होतें. मला तें एका घरीं कळलें. तेथील कर्ता मुलगा गेला होता. मी सांत्वनास गेलों आणि बोलत सुटलों. ईश्वरी इच्छा, पुनरुत्थान, स्वर्गीय भेट, सारें सांगून झालें. अखेर ती आई हळूच म्हणाली, “मास्तर, आतां नुसते बसा.” मी बसलों. बऱ्याच वेळानें तिनें स्वतःच जपमाळ काढली. माझे शब्द खोटे नव्हते; पण ते तिच्यासाठीं नव्हते, माझी भीति झांकण्यासाठीं होते.

तर मग दार लावून घेणारा तेवढाच पवित्र काय? वाळवंटांतील वृद्धांनाहि हा प्रश्न पडला होता. एक पाहुणा आर्सेनियसकडे गेला, तों त्यानें तोंडच उघडलें नाहीं. पूर्वी दरोडेखोर असलेल्या अब्बा मोशेकडे गेला, तर त्यानें आनंदानें पाहुणचार केला. एकाचें वागणें खरें, कीं दुसऱ्याचें? तेव्हां एका वृद्धाला नदीवर दोन होड्या दिसल्या. एकींत आर्सेनियस पवित्र आत्म्यासह निःशब्द चालला होता. दुसरींत मोशे देवदूतांसह मधाच्या पोळ्या खात होता. नदी मात्र एकच होती.

आपण बहुतेक मोशेच्या होडींतले. आपला पाहुणचार, आपलीं लग्नें, आपला हा महोत्सव, यांत मला कांहींहि गैर दिसत नाहीं. माझी तक्रार एवढीच कीं, दुसरी होडी आपण किनाऱ्यालाच बांधून ठेवली आहे. मिस्साचा अखेरचा आशीर्वाद होतो न होतो तोंच आपण पायऱ्यांवर असतों आणि खिशांतला फोन हातांत असतो. ख्रिस्तशरीर स्वीकारून पांच मिनिटेंहि झालेलीं नसतात.

विगार महाशयांची परवानगी मीं घेतली आहे. बँड सुरू होण्यास अद्याप दहा मिनिटें आहेत. देवळाचें दार उघडें आहे, आल्ताराजवळचा दिवा तेवत आहे. ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं यावें. तेथें व्याख्यान नाहीं.