गर्भाचे पहिले दिवस आणि उडती जनुके



परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने परळमध्ये आपले स्वागत. मी संशोधक नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. 1986 साली इथल्याच केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तेव्हापासून आम्ही डॉक्टर मंडळी सूक्ष्मदर्शकाखाली गर्भाच्या दोन पेशी, चार पेशी, आठ पेशी मोजत आलो. आत काय चालते, ते आपण सांगणार आहात.

उडत्या जनुकांची गोष्ट मक्यापासून सुरू होते. जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940च्या दशकात मक्याचे ठिपकेदार दाणे पाहून ओळखले, की काही जनुकीय तुकडे जागा बदलतात. नोबेल मिळाले 1983 मध्ये, वयाच्या 81व्या वर्षी! पुढे 2001 मध्ये मानवी जनुकसंचाचा मसुदा आला, तर त्यात सुमारे 45 टक्के असेच तुकडे. त्यांतले बहुतेक आता हलतही नाहीत.

पण उंदराच्या गर्भाचे पाहा. दोन पेशी होईपर्यंत त्याचे आईने बीजांडात बांधून दिलेल्या शिदोरीवर भागते. मग त्याची स्वतःची जनुके जागी होतात आणि नेमका त्याच सुमारास एमईआरव्हीएल हा असाच एक उडता तुकडा, म्हणजे जुन्या विषाणूचा अवशेषही जागा होतो. त्याच्या टोकापासूनच शेजारच्या अनेक जनुकांचे वाचन सुरू होते, असे सॉल्क इन्स्टिट्यूटच्या गटाने 2012 मध्ये दाखवले.

आता जरा आगाऊपणा करतो. एखादा तुकडा गर्भात सक्रिय दिसला, म्हणजे तो गर्भाच्या उपयोगाचा, असे लगेच म्हणू नये. पेशीचा पहारा सैल पडला की फुकटेही डोके वर काढतात. म्हणून मला बर्कलेच्या लिन हे यांच्या गटाचे 2021चे काम फार आवडते. त्यांनी उंदरातला एमटी2बी2 हा एकच तुकडा कापून काढला. हा तुकडा सीडीके2एपी1 या जनुकाचे आखूड प्रथिन बनवून घेतो, आणि ते पेशीविभाजनाला वेग देते. पूर्ण लांबीचे प्रथिन विभाजनाला लगाम घालते. तुकडा गेला, तर सुमारे निम्मी पिल्ले जन्माआधीच दगावली. पुरावा असा हवा.

बाळंतपणानंतर वार पूर्ण आली का, हे आम्ही ती तळहातावर पसरून बघतो. तिच्या पेशींना एकमेकींत मिसळवणारे सिन्सिटिन हे प्रथिनही मुळात विषाणूचेच, हे 2000 मध्ये कळले. त्या विषयावरचे सत्र दुपारी आहे. प्रसूतिकक्षातल्या परिचारिकांनाही आम्ही मुद्दाम बोलावले आहे. त्यांचे प्रश्न मराठीत येतील, वक्त्यांनी उत्तरेही मराठीतच द्यावीत.

चहा मागच्या व्हरांड्यात आहे. पहिले सत्र वेळेवर सुरू करू या.