मोत्याची जखम

आज विषय बचतीचा नाही, राखणीचा आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींनी गटाचं कर्ज काढून शेळ्या घेतल्या. रात्री आखाड्यावर त्या राखतो कोण? कुत्रा. आपल्या जिल्ह्यातलं जानवळ तर कारवानी कुत्र्यांसाठी नावाजलेलं. कारवानीची कातडी पातळ, केस आखूड, काट्याकुट्यानं लगेच फाटते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या मोत्याचा पाय काटेरी तारेला लागला. जखम बोटाच्या पेराएवढी. जुनी माणसं करायची तसं आम्ही तिच्यावर रॉकेल ओतलं. मोत्यानं ते चाटलं. त्याचं तोंड आलं, जखमेभोवतीची कातडी सोलली, वर माश्या बसून अळ्या पडल्या. बरं व्हायला महिना लागला. तोवर ताई स्वतः शेळ्यांपाशी झोपल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी तेव्हा जे शिकवलं, ते आज सांगतो.

दुखत असलं की मायेचा कुत्राही चावतो. म्हणून आधी मऊ ओढणीनं त्याचं तोंड सैलसर बांधा. त्याला धाप लागली असेल तर मात्र बांधू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं पाच मिनिटं दाबून धरा. मग जखमेभोवतीचे केस जपून कापा. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात एक लहान चमचा मीठ टाका, कोमट झालं की त्यानं जखम धुवा. माती, काडीकचरा निघून जाऊ द्या. फडक्यानं टिपून कोरडी करा. पोव्हिडोन आयोडीन असेल तर फिक्क्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. हे दिवसातून दोनदा करा.

जखम चाटू देऊ नका. चाटून ती ओली राहते, चिघळते. गळ्यात पुठ्ठ्याचं नरसाळं घाला किंवा अंगात जुना टी-शर्ट चढवा. माश्यांपासून जपा, कोरड्या जागी बांधा.

रॉकेल, फिनाईल, जळकं तेल, तंबाखू, चुना यातलं काहीही लावू नका. आपल्या डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्याही देऊ नका, त्या कुत्र्याला विषासारख्या भोवतात.

दहा मिनिटांत रक्त थांबलं नाही, जखम खोल असली, डोळ्याजवळ असली, पू, वास किंवा अळ्या दिसल्या, कुत्र्यानं खाणं सोडलं, तर घरी वेळ घालवू नका. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. १९६२ या नंबरवर फोनही करता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जखम दुसऱ्या कुत्र्याच्या किंवा कोल्ह्याच्या चाव्याची असेल, तर उघड्या हातानं शिवू नका. ती रेबीजची असू शकते. त्याच दिवशी कुत्र्याला डॉक्टरांकडे न्या. तुम्हाला किंवा लेकराला कुत्रा चावला, ओरखडला, किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, वेळेवर घेतलेली लस वाचवते.

आमच्या गटानं एक ठरवलंय. कुत्र्याचं पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचायची, पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. तारीख गटाच्या वहीत लिहायची, हप्त्याच्या तारखेशेजारीच. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या. राम राम.