घरदुरुस्तीची दाद

नोकरीच्या निमित्ताने दिल्ली, भोपाळ, कोलकाता अशा दूरच्या शहरी जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांचे एक घर मागे, गावी असते. त्या घरात बहुधा वृद्ध आई किंवा वडील राहतात आणि त्याची डागडुजी टेलिफोनवरील बोलण्यावर व बँकेतून पाठविलेल्या पैशांवर चालते. अशाच एका गृहस्थांचे उदाहरण कल्पून पाहावे. गृहस्थ दिल्लीत, घर साताऱ्यात आणि घरात मातोश्री एकट्या. मागील बाजूची गच्ची गळू लागली होती. तेव्हा गच्चीवर नवा कोबा घालावा, त्याच हाताने न्हाणीघराच्या लाद्या बदलाव्या आणि स्वयंपाकघराचा ओटाही नवा करून घ्यावा, असे हिवाळ्यात ठरले. कंत्राटदार ओळखीचा, म्हणजे बोलण्यात ‘आपलाच माणूस’. साडेचार लाख रुपयांना काम ठरले. अर्ध्या कागदावर एकूण आकडा लिहिला गेला आणि त्याखाली दुसरे काहीच लिहिले गेले नाही. अक्षय तृतीयेच्या आत काम उरकले व उरलेली सर्व रक्कम त्याच दिवशी चुकती झाली.

जुलैत पाऊस लागला आणि मागल्या खोलीचे छत पाझरू लागले. मातोश्रींनी खाटेशेजारी एक पातेले ठेवले. मुलाने एवढा पैसा घातला, त्याला आता काय सांगायचे, म्हणून टेलिफोनवर त्या काही बोलल्या नाहीत. गणपतीसाठी गृहस्थ घरी आले तेव्हा त्यांना ते पातेले दिसले, भिंतीवर फुटलेला लोणा दिसला, आणि न्हाणीघरात पाणी मोरीकडे न जाता दाराकडे वाहते आहे हेही दिसले.

येथवरची कथा घरोघरची आहे. पुढेही बहुधा ठरल्यासारखेच घडते. संतापून टेलिफोन केला जातो. पलीकडून उत्तर येते की, यंदा पाऊसच फार झाला. मग शब्दाने शब्द वाढतो, आणि कंत्राटदार टेलिफोन घेईनासा होतो. दुसरा मिस्त्री येऊन पहिल्याच्या नावाने हळहळतो, सारे उखडून टाकतो आणि पुन्हा तेवढाच खर्च सांगतो. त्या उखडण्याबरोबर एक गोष्ट कायमची नाहीशी होते, ती म्हणजे पुरावा. बिघडलेले काम हाच तक्रारदाराचा सर्वांत बोलका साक्षीदार असतो, आणि संतापाच्या भरात तोच साक्षीदार टोपलीत भरून बाहेर फेकला जातो.

‘काम वाईट झाले’ ही तक्रार नव्हे. तो एक अभिप्राय झाला, आणि अभिप्रायाला अभिप्रायाने उत्तर देता येते. तक्रार म्हणावयाची ती मोजता आली पाहिजे. म्हणून शहाण्या गृहस्थाने प्रथम काहीही न तोडता छायाचित्रे घ्यावी, आणि ज्याचा त्या कामाशी काडीचाही संबंध नाही अशा स्थापत्य अभियंत्याकडून लेखी पाहणी करून घ्यावी. दुसऱ्या मिस्त्रीचे मत या ठिकाणी फारसे कामाचे नाही. पुढचे काम मिळावे अशी इच्छा असलेला माणूस त्रयस्थ नसतो.

अभियंत्याची पाहणी दिसावयास अगदी साधी असते. तो लाद्यांवर नाणे वाजवीत जातो. खाली चुरा नीट भरला नसेल, तर लादी बद्द वाजते. अशा लाद्यांवर खडूने फुली मारून त्या मोजल्या की ‘लाद्या नीट बसविल्या नाहीत’ या वाक्याला एक आकडा मिळतो. न्हाणीघराच्या फरशीवर पातळी लावली की पाण्याचा उतार मोरीकडे आहे की उलटा, हे दिसते. गच्चीची परीक्षा तर पाणीच घेते. पन्हळीची तोंडे बंद करून गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवावयाचे आणि खालून छत पाहत राहावयाचे. विटांच्या तुकड्यांचा कोबा घालणारे जुने गवंडी ही परीक्षा काम संपवितानाच, मालकासमक्ष देत असत. आपल्या कामाची खात्री असलेला कारागीर ती आजही आनंदाने देतो. मात्र शेवटचा हप्ता तिच्याआधीच हाती पडला, तर ती मागण्याचे बळ मालकापाशी उरत नाही.

या बाबतीत सार्वजनिक बांधकाम खात्यांची जुनी रीत घरमालकांनी उचलण्यासारखी आहे. सरकारी कचेरीच्या कारभाराला नावे ठेवण्याची चाल आहे, आणि पुष्कळदा ती सकारणही असते. परंतु मापवही नावाची जी वही तेथे ठेवली जाते, तिचे शहाणपण मान्य करावेच लागते. तिच्या पानांवर अनुक्रमांक छापलेले असतात. तीत खाडाखोड चालत नाही. काम किती व कसे झाले याची मापे जागेवर घेऊन तीत लिहिली जातात आणि त्या मापांवरच पैसे चुकते होतात. शिवाय बिलातील काही भाग ठेव म्हणून राखला जातो, आणि ठरलेल्या मुदतीत दोष उघडकीस आला तर कंत्राटदाराने तो स्वखर्चाने काढावयाचा असतो. घरच्या कामाला एवढी मोठी वही नको. दोन रुळीचे कागद पुरेत. किती ब्रास कोबा, कोणते सिमेंट, गिलाव्यावर किती दिवस पाणी मारावयाचे, कोणता हप्ता कोणत्या टप्प्यावर द्यावयाचा आणि एक पावसाळा जाईपर्यंत किती रक्कम हाती ठेवावयाची, एवढे लिहून दोघांनी खाली सही केली असती, तर साताऱ्याच्या त्या घरातील पुढची निम्मी कटकट टळली असती.

कंत्राटदाराचीही एक बाजू असते आणि ती ऐकलीच पाहिजे. आपल्या उदाहरणात काम अर्ध्यावर आले असता मातोश्रींनी नळाची जागा बदलून घेतली होती. गृहस्थांनी दिल्लीहून ओट्याचा दगड बदलण्यास सांगितले होते, आणि त्या वाढीव खर्चाचा उच्चार पुढे कोणीच केला नाही. तो खर्च कंत्राटदाराच्या मनात राहिला आणि कोब्याच्या जाडीतून वसूल झाला. हे समर्थन नव्हे. पण पुष्कळशी निकृष्ट कामे अशा न बोललेल्या हिशेबातून जन्माला येतात. रोजंदारीवर मजूर लावून, माल स्वतः आणून आणि देखरेखही स्वतःच करून काम करून घेतले असेल, तर मालकाची तक्रार आणखी दुबळी होते. दोष मालाचा, देखरेखीचा की हाताचा, ही रेषाच तेथे पुसट होऊन जाते.

पाहणीचा अहवाल हाती आल्यावर कंत्राटदाराला पत्र लिहावे. त्यात रागाचा एकही शब्द नसावा. दोष, त्यांची मापे, दुरुस्तीसाठी ठराविक मुदत, आणि मुदतीत काम न झाल्यास दाद मागण्यात येईल हे एक वाक्य, एवढेच पुरे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. दोष दूर करण्याची संधी दिली होती, हे पुढे दाखविता येणे फार मोलाचे ठरते.

आणि दाद मागण्यास जागा आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ होय की नाही, हा प्रश्न एके काळी वादाचा होता. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 1993 साली दुरुस्ती होऊन घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आला, आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला आणि 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तेव्हा असा कायदा अद्याप व्हावयाचा होता. आता 2019 चा कायदा लागू आहे. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. दोष दूर करणे, पैसे परत करणे, नुकसानभरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. उद्या पाहू, या पावसाळ्यानंतर पाहू, असे करणाऱ्यांची ती हातोहात निघून जाते. पैसे मुलाने दिले असले तरी त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी आईसुद्धा कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच ठरते.

परप्रांती राहणाऱ्यांच्या दृष्टीने या कायद्यातील एक फरक महत्त्वाचा आहे. पूर्वी तक्रार कंत्राटदाराच्या गावी किंवा जेथे प्रकरण घडले तेथेच करावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथेही ती करता येते. अर्जही संकेतस्थळावरून भरता येतो आणि प्राथमिक मार्गदर्शनासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. तथापि, सोय झाली म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही. आयोग दिल्लीत बसला तरी गळणारे छत साताऱ्यातच असते. अभियंता, शेजारी आणि मातोश्री हे सारे साक्षीदारही तेथलेच. अशा प्रकरणी गावच्या जिल्ह्यात दाद मागणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे ठरते. निकाल तीन महिन्यांत व्हावा, असा कायद्याचा मानस आहे. प्रत्यक्षात मात्र काळ अधिक लागतो, हे तक्रारदाराने मनाशी धरून चालावे. म्हणूनच दोन्ही पक्षांची तयारी असेल, तर मध्यस्थीने तडजोड घडविण्याची तरतूद कायद्यातच केलेली आहे.

त्या गृहस्थांचे पत्र पोहोचल्यावर कंत्राटदार आठवडाभर गप्प राहिला आणि मग स्वतःच अभियंत्याच्या भेटीला आला, असे मानू. गावात पुढेही कामे मिळवावयाची असलेल्या माणसाला कागदावरची मापे टाळता येत नाहीत. तिघेजण गच्चीवर उभे राहिले. कोब्याचा दोष कंत्राटदाराने पत्करला, न्हाणीघराचा उतारही पत्करला. लाद्यांपैकी फुल्या मारलेल्या तेवढ्या बदलून द्यावयाच्या ठरल्या. ओट्याच्या दगडाचा वाढीव खर्च गृहस्थांनी मान्य केला, मात्र तो गच्चीची परीक्षा पार पडल्यावर द्यावयाचा, असे ठरले. हे सारे लिहून त्यावर सह्या झाल्या. दिवाळीनंतर, उन्हे पडल्यावर काम पुन्हा झाले, गिलाव्यावर सात दिवस पाणी मारले गेले, आणि शेवटी पन्हळी बंद करून गच्ची भरण्यात आली. तिसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदार, अभियंता आणि मातोश्री यांनी खोलीत उभे राहून छत पाहिले. छत कोरडे होते. त्याच दिवशी उरलेले पैसे दिले गेले. पातेले मात्र पुढचा पावसाळा निम्मा सरेपर्यंत मातोश्रींनी खाटेखालीच ठेवले होते.