बंदिवानाची चौकशी करणारे कोणी हवे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेली बाई मानवी हक्कांवर काय बोलणार, असे कुणाच्या मनात आले तर नवल नाही. पण १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्याच्या पहिल्या कलमात आधी पुरुषवाचक शब्द होता. तो बदलून 'सर्व माणसे' असा अर्थ स्पष्ट करून घेतला तो भारताच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता यांनी. मग हा विषय बायकांचा नाही असे कोण म्हणेल?

जाहीरनामा झाला, पण तो पाळला जातो की नाही हे पाहायचे कुणी? छळ करणारे सरकार आपल्या तुरुंगाचे दार आपणहून थोडेच उघडते! आपल्या शेजारच्या गोव्याचेच पाहा. तिथे सालाझारची हुकूमशाही होती. सभेला बंदी, वर्तमानपत्रावर सेन्सॉर. १९५५ साली सुधाताई जोशी म्हापशाला सत्याग्रह करून तुरुंगात गेल्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला नि:शस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक माणसे मेली. भारताचे पोर्तुगालशी संबंध तुटले आणि आपल्या कैद्यांची चौकशी करायला लिस्बनमध्ये आपला वकीलही उरला नाही.

पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघात आला. सनदेप्रमाणे वसाहतींची माहिती मागितली, तर उत्तर आले, 'आम्हाला वसाहती नाहीतच, हे आमचे सागरापलीकडचे प्रांत आहेत!' १९५१ मध्येच त्यांनी कायद्यात नाव बदलून ठेवले होते. भगिनींनो, सुनेला मारणारे लोकही 'हा आमच्या घरातला प्रश्न आहे' असेच म्हणतात ना? १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने ठराव करून सांगितले की, गोव्यासह हे सारे प्रदेश परतंत्र आहेत, त्यांची माहिती द्यावीच लागेल. पोर्तुगालने ऐकले नाही. पण 'घरचा प्रश्न' ही सबब जगाने नाकारली, हे काही थोडे नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. सगळे मात्र सुटले नाहीत. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठी शिकवायला गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ साली बेती येथील पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना थेट पोर्तुगालच्या तुरुंगात नेले. गोवा सुटला तरी रानडे तिथेच! त्यांना विसरू दिले नाही ते गायक सुधीर फडके यांनी. त्यांनी सुटकेसाठी समिती काढली, दारोदार खटपट केली. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांच्या कानावर ही गोष्ट घातली. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले.

तिकडे लंडनमध्ये पीटर बेनेन्सन या वकिलांनी २८ मे १९६१ च्या 'ऑब्झर्व्हर' पत्रात विसरल्या गेलेल्या कैद्यांविषयी लेख लिहिला. त्यात पोर्तुगालच्या कैदेतील अँगोलाचे डॉक्टर व कवी अगोस्तिन्यू नेतो यांचेही नाव होते. त्या लेखातून 'ॲम्नेस्टी' ही संस्था उभी राहिली. काम काय, तर साधी माणसे कैद्याचे नाव घेऊन त्या त्या सरकारला पत्रे लिहीत. एकेका गटाकडे तीन कैदी, तेही तीन वेगवेगळ्या राजवटींतले, म्हणजे पक्षपात नको. हत्यार उचलणाऱ्यांना ही संस्था आपले कैदी म्हणून घेत नसे. परंतु छळ मात्र कुणाचाच होता कामा नये, हे तिचे म्हणणे. १९७७ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे दुसऱ्यांच्या सरकारपुरतेच आहे असे समजू नका. आणीबाणीत आपल्या गोरेगावच्या मृणालताई गोरे तुरुंगात होत्या. तेव्हा याच ॲम्नेस्टीने आपल्याही सरकारकडे बंदिवानांसाठी मागणी केली. त्या वेळी बाहेरच्यांचे विचारणे आपल्याला बरे वाटले असेल, तर दुसऱ्याच्या मुलासाठी आपण विचारले म्हणून बिघडले कुठे?

म्हणून माझी सूचना आहे. दर वर्षी १० डिसेंबरच्या सुमारास मंडळाच्या बैठकीत, देशातल्या वा परदेशातल्या, बिनचौकशी डांबलेल्या एका माणसाची हकिकत वाचावी आणि सगळ्यांच्या सह्यांचे एक पत्र संबंधित सरकारला धाडावे. खर्च काय तो टपालाचा. तुरुंगाधिकाऱ्याला एवढे कळले तरी पुरे की, या कैद्याचे नाव कुठे तरी चार बायकांना ठाऊक आहे.