ट्रम्पेटचा कंप: आधी सरळ सूर

कंप म्हणजे लांबवलेल्या सुराची उंची लयीत किंचित खाली-वर करणे. तो सुराची शोभा आहे, सुराचा आधार नव्हे, आणि लग्नसराईच्या बँडमध्ये नेमका हाच भेद विसरला जातो. 'या-या' म्हणताना हलावा तसा जबडा हलला की ओठांवरील ताण कमीजास्त होऊन सूर डोलतो. हा जबड्याचा कंप वादकाला आपोआप जडतो आणि ढोलाच्या गजरात तो ऐकू जावा म्हणून इतका रुंद होतो की भजन असो वा नाचाचे गाणे, एकच थरथर सगळीकडे लागते.

दुसरी रीत हाताच्या कंपाची. तीत उजव्या हाताचा अंगठा पहिल्या व दुसऱ्या झडपेच्या नळ्यांमध्ये टेकवून मनगट हलकेच मागेपुढे केले जाते, त्यामुळे माउथपीसचा ओठांवरील दाब बदलतो आणि जबडा मात्र शांत राहतो. मोलगी गावच्या डोंगरउतारावर पिकणारी भगर पाखडताना सूप असेच मनगटातून हलते, दाणे उसळतात, पण पुन्हा सुपातच पडतात. झटका वाढला तर कोंड्याबरोबर दाणेही जातात, तसा सूरही जागा सोडतो. आणि ज्याला सूप सपाट धरता येत नाही, त्याने पाखडण्याची घाई करू नये.

म्हणून आधी सरळ सूर. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत मधल्या पट्टीतील एक सूर आठ ठोके निष्कंप धरावा, मग एका ठोक्यात दोन, तीन, चार अशी आंदोलने मोजून घ्यावीत. सेकंदाला पाच-सहा आंदोलने कानाला सहज वाटतात, परंतु मोजणी सुटून ती गाण्याच्या भावाप्रमाणे येऊ लागली तरच साधना फळली असे समजावे. जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग अनेकदा सूर सरळ सुरू करून कंप शेवटी आणत. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात वाजवणारे, गोव्यातील हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. त्यांचे वादन नव्या मुलांनी याच कानाने ऐकावे.

पुन्हा सांगणे भाग आहे, की ज्याचा सरळ सूर डळमळतो त्याचा कंप हा कंप नसून दोष झाकण्याची सवय असते, आणि ती सवय सरावाने सुटते.