समुद्रातील तेलविहीर मुलांना कशी सांगावी?
(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



तिसरी-चौथीच्या मुलांना खनिज तेल कोठे असते असे विचारले, तर जमिनीच्या पोटात तेलाचे तळे असते, असे उत्तर हमखास मिळते. हे चित्र सोपे असले तरी खरे नाही. बालपणी मनावर ठसलेले चित्र सहजासहजी पुसले जात नाही. म्हणून आरंभीच ते दुरुस्त करणे अगत्याचे आहे.

त्यासाठी काचेचा पेला कोरड्या वाळूने काठोकाठ भरावा आणि तीत हळूहळू गोडेतेल ओतावे. पेला भरलेला असूनही तेल आत मुरते. खडकातील तेलही असेच बारीक छिद्रांत राहते. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेले सूक्ष्म जीव गाळाखाली गाडले गेले. उष्णता आणि दाब यांच्यामुळे त्यांचे तेल झाले. पाण्याहून हलके असल्याने ते वर सरकत गेले आणि ज्या थरातून पुढे वाट नव्हती, त्याच्याखाली अडकले.

तेथवर पोहोचण्याचे साधन म्हणजे विंधनमंच. त्याचे चित्र शोधण्यास दूर जावयास नको. एक रुपयाच्या नोटेच्या मागील बाजूस 'सागर सम्राट' हा मंच छापलेला आहे. गोव्यातील मुलांना मांडवी-जुवारीतील बार्ज परिचयाचे असतात. असा एक बार्ज आहे, त्याला लांबलचक पोलादी पाय आहेत, असे त्यांना सांगावे. प्रवासात हे पाय वर उचललेले असतात. ठरलेल्या जागी ते समुद्रतळावर टेकवतात आणि त्यांच्या आधाराने सारा मंच लाटांच्या वर चढवितात. मग लाटा खालून जातात. मंच हलत नाही. पाय पुरणार नाहीत इतके पाणी खोल असेल, तेथे मात्र तरंगते मंच किंवा विंधननौका वापरतात.

पुढील काम गावात बोअर मारताना मुलांनी पाहिलेले असते. दातेरी बिट फिरते आणि खडक कुरतडते. भोक खोल जाईल तसतसा नळीला नळीचा जोड दिला जातो. नळीतून एक खास चिखल आत सोडतात. तो बिटाला थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि आपल्या वजनाने खालचा दाब रोखून धरतो.

येथे एखादे चुणचुणीत मूल विचारील, 'समुद्राचे पाणी भोकात का शिरत नाही?' या प्रश्नाचे कौतुकच करावे. मंचापासून तळाच्या आत खोलवर पोलादी नळ बसविलेला असतो आणि तळाखाली त्याच्याभोवती सिमेंट भरलेले असते. त्या नळातूनच सारे काम चालते.

तेल व नैसर्गिक वायू आयोगाने जपानमध्ये बांधून घेतलेल्या 'सागर सम्राट'ने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर विंधन केले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. हेच 'बॉम्बे हाय', म्हणजे आजचे 'मुंबई हाय'. विहीर खोदून झाली की विंधनमंच दुसरीकडे जातो; तेल काढणारा उत्पादनमंच मात्र तेथेच उभा राहतो. हा भेद मुलांना अवश्य सांगावा.

यंत्राच्या नवलाईत माणूस विसरला जाऊ नये. मंचावर माणसे रात्रंदिवस पाळीपाळीने राबतात. घरापासून कित्येक दिवस दूर राहतात. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर भागात, आपल्यावरील एका जखमी कर्मचाऱ्याला मंचावर पोहोचविण्यासाठी आलेले जहाज उत्पादनमंचावर आदळले. वायूची नळी फुटून आग भडकली आणि २२ जणांचे प्राण गेले. तीनशेहून अधिक जण वाचविण्यात आले. लहान मुलांना आगीचे वर्णन ऐकविण्याचे कारण नाही. परंतु हे काम धोक्याचे आहे आणि तेथे सुरक्षेचा प्रत्येक नियम प्राण वाचविण्यासाठी असतो, एवढे त्यांना समजले पाहिजे.

अखेरीस वाळूच्या पेल्याकडे पुन्हा वळावे. मुरलेले तेल परत काढण्यास मुलांना सांगावे. थोडे निघेल, बरेच वाळूलाच चिकटून राहील. खडकातही तसेच घडते. निसर्गाला जे साठविण्यास कोट्यवधी वर्षे लागली, त्याचा थेंबही व्यर्थ जाऊ नये, हा धडा मुलांना मग वेगळा शिकवावा लागणार नाही.